प्रश्न उद्भवत नाही

महाराष्ट्र विधिमंडळातील तारांकित प्रश्नाची घडण गेल्या कित्येक दशकांत बदललेली नाही. पहिल्या पोटप्रश्नात एखादी घटना सांगून 'हे खरे आहे काय' असे विचारावयाचे. दुसऱ्यात 'असल्यास' कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, याची पृच्छा करावयाची. आणि अखेरीस 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत' हा ठरलेला समारोप. उत्तरांची भाषाही अशीच ठरीव आहे. 'होय', 'अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही'. आणि पहिल्याच प्रश्नाला नकार दिला की पुढील साऱ्यांसाठी एकच वाक्य, 'प्रश्न उद्भवत नाही'. कचेरीत आयुष्य गेलेल्या वाचकाला या वाक्याची सोय समजावून सांगावी लागणार नाही. फाईल त्या वाक्यापाशी थांबते, आणि थांबलेली फाईल कोणालाही त्रास देत नाही.

या साच्यात जे विषय अधिवेशनामागून अधिवेशनात परत येतात, त्यांत मुंबई आणि तिच्या उपनगरांतील बेकायदा बांगलादेशींचा विषय अग्रभागी आहे. किती पकडले, किती जणांवर गुन्हे नोंदविले, किती परत पाठविले, त्यांना कागदपत्रे कोणी करून दिली, अशी ही प्रश्नमालिका असते. १६ जानेवारी २०२५ रोजी पहाटे वांद्रे येथे अभिनेते सैफ अली खान यांच्या घरात शिरून त्यांच्यावर हल्ला झाला. ठाण्यात पकडलेला आरोपी बांगलादेशातून चोरट्या मार्गाने आलेला असल्याचे पोलिसांनी सांगितले, आणि या प्रश्नमालिकेला नवी धार आली. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत बांधकामांवर, झोपडवस्त्यांत, हॉटेलांच्या भटारखान्यांत शोधमोहिमा सुरू झाल्या. गृहखाते मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी डिसेंबर २०२४ पासून स्वतःकडेच ठेवलेले असल्याने उत्तराची अंतिम जबाबदारीही त्यांचीच. आकडा वाढला की कार्यक्षमता आणि घटला की ढिलाई, हा हिशेब सत्ताधारी व विरोधक अशा दोन्ही बाकांनी जणू मान्य करून टाकला आहे.

या हिशेबाच्या तक्त्यात एक रकाना मात्र सहसा आढळत नाही. पकडलेल्यांपैकी किती जण अखेर भारतीय नागरिक निघाले, हा तो रकाना होय. तो भरला गेल्याखेरीज बाकीच्या रकान्यांना अर्थ कसा प्राप्त होतो, हे गूढच म्हटले पाहिजे. शंभर माणसांना परदेशी म्हणून सीमेवर नेले आणि त्यांतील दहा या देशाचेच होते, तर ती शंभराची कामगिरी ठरते की नव्वदाची? आणि उरलेल्या दहांचे काय?

एखाद्या मंत्र्याने सभागृहात आकडा सांगितला की तो वज्रलेप मानण्याची आपल्याकडे सवय आहे. या विषयातील आकड्यांचा इतिहास या सवयीला फारसा पोषक नाही. १९९७ साली केंद्रीय गृहमंत्री इंद्रजित गुप्त यांनी संसदेत देशातील बेकायदा स्थलांतरितांची संख्या सुमारे एक कोटी असल्याचे सांगितले. जुलै २००४ मध्ये गृह राज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी राज्यसभेत याहून पुष्कळ नेमका आकडा दिला. ३१ डिसेंबर २००१ रोजी देशात १,२०,५३,९५० बेकायदा बांगलादेशी असल्याचे त्यांचे उत्तर होते. शेवटचे ते नऊशे पन्नास वाचले की जणू प्रत्येक माणसाचे नाव कोणीतरी वहीत टिपून घेतले असावे, असा भास होतो. प्रत्यक्षात काही दिवसांतच, आसामच्या मुख्यमंत्र्यांनी आक्षेप घेतल्यावर, याच मंत्र्यांना हे आकडे कोणत्याही पद्धतशीर पाहणीवर आधारलेले नसून बव्हंशी ऐकीव माहितीवर आधारलेले असल्याचा खुलासा करावा लागला. नोव्हेंबर २०१६ मध्ये किरेन रिजिजू यांनी राज्यसभेतच ही संख्या सुमारे दोन कोटी असल्याचे सांगितले. आधार, 'उपलब्ध माहिती'. अन्य प्रसंगी याच गृह मंत्रालयाने असेही उत्तर दिलेले आहे की, ही माणसे चोरून येत असल्यामुळे त्यांची अचूक संख्या उपलब्ध असणे शक्य नाही. हे शेवटचे उत्तर सर्वांत कमी गाजले, यात नवल नाही. वास्तविक तेवढेच प्रामाणिक होते.

एक कोटी, सव्वा कोटी, दोन कोटी या संख्या देशाविषयी बोलतात. उपनगरातील पोलीस ठाण्यात बसविलेल्या एका गवंड्याविषयी त्या काहीच बोलत नाहीत. तेथे प्रश्न एकाच माणसाचा असतो, आणि तो सोडविण्याची रीत काय, हे पाहिले पाहिजे.

आयर्लंडसारख्या छोट्या देशात न्यायमंत्री हाच पोलीस, न्यायालयीन कायदे आणि परदेशी नागरिकांचा प्रवेश या तिन्ही गोष्टींसाठी संसदेला जबाबदार असतो. २०२५ पासून तर त्याच्या खात्याच्या नावातच स्थलांतर हा शब्द आला आहे. हद्दपारीचे आदेश किती निघाले, त्यांतील किती बजावले गेले, किती लोक स्वखुशीने परत गेले, हे तेथील सभासद त्याला एकट्याला विचारतात आणि त्याला एकट्यालाच सांगावे लागते. आपल्या राज्यघटनेने ही जबाबदारी विभागलेली आहे. नागरिकत्व, परदेशी व्यक्ती आणि त्यांची हकालपट्टी हे विषय संघसूचीत आहेत. पोलीस हा विषय राज्यसूचीत. परदेशी नागरिकाला हुडकून परत पाठविण्याचे केंद्राचे अधिकार १९५८ पासून राज्य सरकारांकडे सोपविण्यात आले. म्हणजे अधिकार दिल्लीचा, हात मुंबईचा आणि सीमेवरचे फाटक सीमा सुरक्षा दलाचे. संघराज्यात अशी विभागणी अपरिहार्य असू शकते. परंतु चूक झाली म्हणजे तिचा धनी कोण, हे विचारावयास गेले की मुंबई दिल्लीकडे बोट दाखविते, दिल्ली राज्याच्या अहवालाकडे, आणि सीमेवरील दल दोघांच्या हुकुमाकडे. 'प्रश्न उद्भवत नाही' या वाक्याला इतकी सुपीक जमीन दुसरीकडे मिळणे कठीण.

कायदाही या माणसाच्या बाजूचा नाही. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ साली, इंग्रजी अमदानीत झालेल्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याने एक विलक्षण तरतूद केली होती. चोरीच्या आरोपात चोरी सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. परंतु एखाद्याला परदेशी म्हटले, तर आपण परदेशी नाही हे त्यानेच सिद्ध करावयाचे. संसदेने २०२५ मध्ये हा कायदा आणि त्याच्या जोडीचे आणखी तीन कायदे रद्द करून त्यांच्या जागी एकच नवा कायदा केला. तो त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून अमलात आला. विधेयकावरील चर्चेत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी हा देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, असे लोकसभेत बजावले. ते कोणीही नाकारणार नाही. पुराव्याच्या भाराची जुनी तरतूद मात्र नव्या कायद्यातही कायम राहिली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसाममधील एका प्रकरणात तिला एक मर्यादा घातलेली आहे. केवळ संशयावरून, हाती कोणतीही प्राथमिक सामग्री नसताना, कोणाचेही दार ठोठावून 'तू परदेशी आहेस' असे प्रशासनाला म्हणता येणार नाही. आधी आधार दाखवावा, मग भार टाकावा, असे न्यायालयाने सांगितले. हा निकाल उपनगरांतील ठाण्यांपर्यंत कितपत उतरला, हा प्रश्न एखाद्या सभासदाने अवश्य विचारावा असा आहे.

मुंबईतून माणसे गाडीत घालून बाहेर काढण्याचे प्रसंग पूर्वीही घडलेले आहेत. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने ऐन पावसाळ्यात पदपथांवर राहणाऱ्यांना बसगाड्यांत बसवून शहराबाहेर धाडण्यास आरंभ केला होता. ती माणसे परदेशी असल्याचा दावा तेव्हा कोणी केला नव्हता. त्यांतील कित्येक याच राज्यातील दुष्काळी तालुक्यांतून आलेली होती. प्रकरण न्यायालयात गेले आणि ओल्गा टेलिस खटला म्हणून ते प्रसिद्ध पावले. १९८५ च्या निकालाने पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि माणसाला हलवावयाचे तर न्याय्य कार्यपद्धतीनेच हलविले पाहिजे, एवढे मात्र निःसंदिग्धपणे सांगितले.

त्यानंतर तेरा वर्षांनी, जुलै १९९८ मध्ये, उलुबेरियाचे प्रकरण घडले. राज्यात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते आणि गृहखाते उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्याकडे होते. मुंबईत बांगलादेशी ठरविलेल्या तीसहून अधिक माणसांना घेऊन महाराष्ट्राचे पोलीस कुर्ला-हावडा गाडीने निघाले होते. त्यांतील अनेक जण जरीकाम करणारे कारागीर होते. हावड्याच्या अलीकडे उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडविली आणि या माणसांना सोडवून नेले. पुढाकार फॉरवर्ड ब्लॉकच्या स्थानिक आमदाराचा होता. कायदा हाती घेणाऱ्या जमावाचे समर्थन कोणी करू नये. परंतु जमाव जमला का, याचे उत्तर त्या गाडीतच होते. ज्यांना परदेशी म्हणून नेले जात होते त्यांतील काहींची घरे त्याच लोहमार्गाच्या आजूबाजूला, बंगालच्याच जिल्ह्यांत होती, असे तेथील लोकांचे आणि ज्योती बसूंच्या सरकारचे म्हणणे होते. पुढे दोन राज्य सरकारांत वाग्युद्ध झाले आणि संसदेतही त्याचे पडसाद उमटले. महाराष्ट्राने आपली कारवाई कायदेशीर असल्याचे सांगितले, बंगालने आपल्या नागरिकांचा छळ होत असल्याचे सांगितले. दोन्ही सरकारे एकमेकांशी बोलत होती ती वर्तमानपत्रांतून. मुंबईतील ठाण्याने उलुबेरियाच्या ठाण्याला एक पत्र आधी पाठविले असते, तर या वादाचे निम्मे इंधन नाहीसे झाले असते. ते पाठविण्याची रीत बसविण्यास पुढची पंचवीस वर्षे उपलब्ध होती.

या पंचवीस वर्षांत काय साधले याचा दाखला जून २०२५ मध्ये मिळाला. दहिसरच्या पलीकडे, पश्चिम रेल्वेवरच्या मीरा रोड परिसरातून आणि मुंबईतून पश्चिम बंगालचे काही मजूर पोलिसांनी ताब्यात घेतले. ते मुर्शिदाबाद, पूर्व बर्धमान अशा जिल्ह्यांचे रहिवासी होते. घरच्यांनी आणि ग्रामपंचायतीने मतदार ओळखपत्रे, शिधापत्रिका, वंशावळीचे दाखले धाडले. बंगालच्या पोलिसांनीही महाराष्ट्राशी संपर्क साधला. तरीही काही दिवसांतच या मजुरांना सीमेवर नेऊन बांगलादेशात ढकलून देण्यात आले. पुढे बंगाल सरकारने पाठपुरावा केल्यावर दोन्ही देशांच्या सीमारक्षक दलांची ध्वजबैठक झाली आणि ही माणसे परत आणली गेली. ती भारतीय होती. याच सुमारास दिल्लीत मजुरी करणाऱ्या बीरभूमच्या एका कुटुंबातील गरोदर स्त्रीलाही असेच सीमेपार धाडण्यात आले होते. तिला परत आणण्यासाठी सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ती परतली ती डिसेंबर २०२५ मध्ये.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०२५ मध्येच राज्यांना सूचना दिली होती की, संशयिताने आपण अमुक राज्याचा असल्याचे सांगितले, तर त्या राज्याकडून पडताळणी करून घ्यावी आणि त्या राज्याने तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावे. मुदत तीस दिवसांची होती आणि माणसे सीमेपार गेली आठवड्याच्या आत. एवढी तातडी कशाची होती? सरकारी कामात तीस दिवसांचे तीनशे दिवस होतात, हा सर्वांचा अनुभव. तीसाचे पाच झाल्याचे उदाहरण विरळा. ते अशा जागी घडावे, जेथे थांबण्यानेच न्याय झाला असता, याला दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येत नाही.

संशय उत्पन्न होतो कशावरून? बहुधा बोलण्यावरून. बंगाली बोलणारा, मुसलमान, गरीब आणि स्थलांतरित, एवढी चार लक्षणे जुळली की ठाण्यातील शिपायाच्या मनात पुरावा तयार होतो. परंतु भाषेला सरहद्द कळत नाही, हे निदान मराठी माणसाला तरी सांगावे लागू नये. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. सावंतवाडी संस्थानातील बांद्याचा माणूस आणि तेरेखोलच्या पलीकडील पेडण्याचा माणूस यांच्या बोलीत, आडनावांत, कुलदेवतांत फरक काढणे जाणत्यालाही साधले नसते. आणि तरी त्यांतला एक भारताचा नागरिक होता, दुसरा लिस्बनच्या सरकारची प्रजा. गिरगावात वा धोबीतलावावर उतरलेल्या कोकणी माणसाला त्याच्या हेलावरून कोणी परदेशी ठरविले असते, तर अर्धे सिंधुदुर्ग त्या जाळ्यात सापडले असते. मुर्शिदाबाद आणि त्याच्या समोरचा राजशाही यांच्यामध्ये तर एका नदीचेच अंतर आहे.

भाषेने निवाडा होत नाही, मग कागदांनी तरी होतो काय? हा भाग सर्वांत गुंतागुंतीचा आहे, आणि दाखले देणाऱ्या व तपासणाऱ्या वर्गाला, म्हणजे शिक्षक आणि कारकून यांना, तो अधिक जवळचा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबईतील एका दंडाधिकारी न्यायालयाने बांगलादेशी असल्याचा आरोप असलेल्या एका जोडप्याला निर्दोष सोडताना मतदार ओळखपत्र हा नागरिकत्वाचा पुरेसा पुरावा मानला. आधार व पॅन कार्ड यांना मात्र तो मान दिला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातील एका आरोपीचा जामीन नाकारताना सांगितले की आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र यांपैकी काहीही जवळ असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने उच्च न्यायालयाची भूमिका समजण्यासारखी आहे. खोटी कार्डे बाजारात मिळतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परंतु मग कोणता कागद दाखवावा? बहुसंख्य भारतीयांजवळ नागरिकत्वाचे असे स्वतंत्र प्रमाणपत्र नाही. मुलुंडच्या सोसायटीत राहणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाजवळही ते नाही. त्याला कोणी मागत नाही, एवढाच फरक.

राज्य सरकारने ४ जानेवारी १९७६ रोजी एकाच दिवसात मुंबईच्या झोपड्यांची गणना करून झोपडीधारकांना ओळखपत्रे दिली. पुढे १ जानेवारी १९९५ ही मर्यादा आली, मग २००० साल आले, मग २०११. प्रत्येक मर्यादेगणिक वस्तीतील माणसाने एक नवा कागद जपून ठेवावयाचा, आणि तो पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या पातळीवर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री मिठी नदीच्या काठच्या आणि सखल भागांतल्या वस्त्यांतून किती पेट्या वाहून गेल्या, याची गणती कोणी केली नाही.

जन्मदाखल्यांचे प्रकरण याहून ताजे आहे. जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन विलंबाने होणाऱ्या नोंदणीचा अधिकार न्यायालयीन दंडाधिकाऱ्यांकडून जिल्हा प्रशासनाकडे आला. त्यानंतर मालेगाव, अकोला आदी ठिकाणी तहसील कचेऱ्यांतून असे दाखले मोठ्या संख्येने दिले गेले आणि त्यांत बांगलादेशींचा भरणा असल्याचा आरोप मुलुंडचे माजी खासदार किरीट सोमय्या यांनी केला. सरकारने जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमले आणि त्याच वर्षी, अधिकार नसताना नायब तहसीलदारांच्या सहीने दिले गेलेले दाखले रद्द करण्याचे आदेशही निघाले. चौकशी व्हावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पैसे घेऊन दाखला देणारा कारकून आणि तो मिळवून देणारा दलाल यांना शिक्षा झाली, तर मूळ रोगावर औषध होईल. परंतु दाखला रद्द झाला, तो देणाऱ्याच्या अधिकारातील दोषामुळे. ज्याचा दाखला रद्द झाला तो परदेशी आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. सभागृहात मात्र 'रद्द झालेले दाखले' आणि 'सापडलेले बांगलादेशी' या दोन संख्या एका श्वासात उच्चारल्या जातात, आणि कालांतराने एकच होऊन बसतात.

मंत्री सभागृहात जे सांगतात ते ठाण्यातून आलेले असते, हेही विसरता कामा नये. ठाण्याचा अंमलदार टिपण लिहितो, ते परिमंडळाकडे जाते, तेथून आयुक्तालयात, मंत्रालयात, आणि मग 'हे खरे नाही' होऊन छापले जाते. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. त्या प्रकरणात पकडलेला परभणीचा तरुण अभियंता ख्वाजा युनूस हा जानेवारी २००३ मध्ये औरंगाबादकडे नेत असताना गाडी दरीत कोसळल्याने पळून गेला, असे पोलिसांनी कागदोपत्री लिहिले. गुन्हा अन्वेषण विभागाच्या तपासाने ती कथा खोटी ठरविली. कोठडीतील मृत्यूबद्दल पोलिसांवरच आरोपपत्र ठेवले गेले, आणि वीस वर्षे उलटली तरी तो खटला निकालापर्यंत पोहोचला नाही. तो विषय वेगळा, आरोप वेगळे. साम्य एवढेच की, ठाण्याच्या टिपणाखेरीज दुसरा आधार नसेल, तर मंत्री कितीही सद्हेतूने उभा राहिला तरी त्याचे उत्तर त्या टिपणापेक्षा खरे असू शकत नाही.

बेकायदा स्थलांतर ही कल्पित भीती आहे, असे मानण्याचे कारण नाही. सरहद्द ओलांडून माणसे येतात, दलाल त्यांना आणतात, खोटी नावे देतात, आणि त्यांच्या भीतीवर ठेकेदार स्वस्त मजुरी उकळतात. परदेशी ठरलेल्याला परत पाठविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे आणि तो बजावावयासच हवा. आक्षेप आहे तो 'ठरलेल्याला' या शब्दाविषयी. तो कोणी ठरविला, कोणत्या कागदावरून, त्याचे म्हणणे ऐकले काय, त्याच्या जिल्ह्याला विचारले काय, तेथून उत्तर आले काय? अंधेरी, बोरिवली, कुर्ला, मुलुंड येथील न्यायालयांत ज्यांच्यावर खटला चालला त्यांच्याविषयी निदान एक निकालपत्र असते आणि त्यावर अपील होते. न्यायालयाचे तोंडही न पाहता ज्यांची थेट सीमेकडे रवानगी झाली त्यांच्याविषयी काय असते?

विधिमंडळाच्या सभासदांना हे विचारण्याची साधने कमी नाहीत. पुरवणी प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, आश्वासन समिती आहे. मंत्र्याने 'माहिती घेण्यात येईल' म्हटले की ते आश्वासन ठरते आणि समितीला त्याचा पाठपुरावा करता येतो. सत्ताधारी बाकांना हे विचारावेसे वाटणार नाही, हे ओघानेच आले. विरोधी बाकांना का वाटू नये? जून २०२५ मध्ये चुकून सीमेपार गेलेल्या मजुरांच्या प्रकरणी चौकशी कोणी केली, कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने त्यांना परदेशी ठरविले, त्यांची बुडालेली मजुरी कोणी भरून दिली, असे तीन पोटप्रश्न त्या जुन्या साच्यात सहज बसतात. त्यांना 'प्रश्न उद्भवत नाही' असे उत्तर देता येणार नाही. ती माणसे परत आली आहेत आणि ती भारतीय आहेत, हे सरकारी कागदावरच आहे.

या साऱ्याशी उपनगरातल्या सुस्थित घरांचा संबंध नाही, असे वाटत असेल तर नागरिकत्वाच्या कायद्यातील दोन तारखा पाहाव्यात. १ जुलै १९८७ पूर्वी या देशात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे. त्यानंतर जन्मलेल्याचे आईबाप यांपैकी एक जण नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्याच्या बाबतीत तेवढेही पुरत नाही. एक जण नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलाजवळ महानगरपालिकेचा बिनचूक जन्मदाखला आहे, महापालिका शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीत शिक्षकाने त्याचे नाव आणि जन्मस्थान सुवाच्य अक्षरांत लिहिलेले आहे, शाळा सोडल्याचा दाखलाही आहे. या कागदांवरून तो घाटकोपरला जन्मला एवढे सिद्ध होते. तो कोणत्या देशाचा, हे होत नाही. त्या पिढीतील पहिल्या मुलांनी डिसेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षे पूर्ण केली. ती आता घाटकोपर-मुलुंडच्या महाविद्यालयांत आहेत, स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरीत आहेत. त्यांतील कोणाला उद्या ठाण्यात बोलावले, तर त्याने सिद्ध करावयाचा तो आपल्या आईबापांचा जन्म. आणि ते ज्या गावी, ज्या वर्षी जन्मले, तेथे जन्माची नोंद बहुधा सुईणीच्या आठवणीतच होती.